सामुदायिक रोपविक्रीतून भाजीची रोपे घेताना काय पाहावे? (बेळगाव परिसर)

परडे_पिरनवाडी (प्रश्न)

नमस्कार. आमच्या भागात मृगाच्या तोंडावर बचत गटांच्या काही भगिनी आणि परसबागेची हौस असलेली मंडळी एकत्र येऊन एका पटांगणात भाजीच्या रोपांची विक्री करतात. कोणी घरी राखलेल्या बियांची रोपे दुधाच्या रिकाम्या पिशव्यांतून आणतात, कोणी रोपवाटिकेतील ट्रे आणून त्यांतील रोपे सुटी विकतात, तर कोणी वाफ्यातून उपटलेला तरू (म्हणजे कोवळी रोपे) केळीच्या सोपटात बांधून आणतात. भाव रास्त असतो, माणसे ओळखीची असतात आणि ज्याने रोप वाढवले त्याच्याशीच थेट बोलता येते, म्हणून ही विक्री दरवर्षी व्हावी असे मला मनापासून वाटते.

मात्र गेल्या पावसाळ्यातील एका प्रकारामुळे मनात शंका बसली आहे. तेथून घेतलेली टोमॅटोची रोपे मी घरामागच्या परड्यात लावली होती. आमची माती तांबडी आहे आणि पावसाळ्यात ती बराच काळ ओली राहते. रोपे उत्तम वाढली, फुलावर आली आणि मग एकेक झाड हिरवेच्या हिरवे माना टाकू लागले. सकाळी टवटवीत, दुपारी मलूल, संध्याकाळी पुन्हा थोडे सावरलेले, असे दोन-तीन दिवस चालले आणि नंतर झाड उठलेच नाही. पाने पिवळी पडली नव्हती, पानांवर डाग नव्हते आणि मुळाशी अळीही सापडली नाही. शेजारच्या ओळीतील वांग्यांचीही तीच गत झाली. मिरची मात्र वाचली.

हा रोग रोपांबरोबर आला असेल की माझ्याच मातीत होता, हे जाणकारांनी सांगावे. यंदा रोप हातात घेतल्यावर नेमके काय पाहावे, विकणाऱ्याला काय विचारावे, आमच्यासारख्या धो-धो पावसाच्या भागात जूनमध्ये कोणती रोपे घ्यावीत आणि कोणती घेऊ नयेत, याबद्दलही मार्गदर्शन हवे आहे. विकणाऱ्या व्यक्तीला दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी रोपे मनापासून वाढवली होती, हे मी स्वतः पाहिले आहे.

---

मलप्रभाकाठ_खानापूर

आपण केलेले वर्णन वाचून माझा कल जिवाणूजन्य मर रोगाकडे जातो. झाड हिरवे असतानाच मलूल होणे, रात्री सावरणे, पाने पिवळी न पडता सगळे झाड एकदम बसणे आणि टोमॅटोपाठोपाठ वांग्यावर तेच दिसणे, ही त्याची ठळक लक्षणे आहेत. बुरशीमुळे येणाऱ्या मर रोगात सहसा खालची पाने आधी पिवळी पडतात, बऱ्याचदा झाडाची एकच बाजू आधी वाळते आणि सगळे हळूहळू घडते. अंदाजावर न थांबता खात्री करण्याची एक सोपी पद्धत आहे आणि ती प्रत्येक परसबागवाल्याने शिकून घ्यावी. मलूल झालेल्या झाडाचा खोडाचा खालचा भाग, साधारण बोटभर लांबीचा, धारदार सुरीने कापावा आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन त्याचे कापलेले टोक पाण्यात बुडेल असा तो तुकडा दोऱ्याने टांगावा. पेला हलवू नये. जिवाणू असतील तर थोड्याच मिनिटांत कापाच्या जागेतून दुधासारखे पांढरट धागे सरळ खाली उतरताना दिसतात. बुरशीची मर असेल तर पाणी स्वच्छच राहते. पेल्यामागे काळा कागद धरला तर धागे अधिक स्पष्ट दिसतात.

हे जिवाणू मातीत राहतात आणि मुळांना झालेल्या बारीक जखमांतून झाडात शिरतात. उष्णता, साचलेली ओल आणि आम्लधर्मी माती त्यांना मानवते, त्यामुळे बेळगाव तालुक्याचा पश्चिम भाग आणि आमचा खानापूर तालुका येथे पावसाळ्यात हा रोग डोके वर काढतो. आता तो रोपांबरोबर आला की मातीत होता, या आपल्या प्रश्नाकडे येतो. दोन्ही शक्य आहे. माझ्या मते रोपापेक्षा रोपाच्या पिशवीतील मातीवर अधिक संशय घ्यावा. आपल्याकडे खरिपात बटाटा मोठ्या प्रमाणावर होतो आणि बटाट्याला हाच जिवाणू लागतो. कापलेल्या बटाट्यात तपकिरी कडे दिसते आणि त्यातून चिकट पांढरा स्राव येतो, तो हाच रोग. अशा शेतातील माती उचलून पिशव्या भरल्या तर वरचे रोप कितीही तजेलदार दिसले तरी त्याच्याबरोबर रोग घरी येतो, आणि लहान रोपावर तो ओळखूही येत नाही. म्हणून विक्रीच्या ठिकाणी पहिला प्रश्न हाच विचारावा की पिशवीतील माती कोठून आणली आणि त्या जागी आधी कोणते पीक होते. बटाटा, टोमॅटो, वांगी, मिरची यांपैकी काही असेल तर ते रोप घेऊ नये. भाताच्या खाचरातील माती असेल तर घ्यायला हरकत नाही, कारण पाणी भरून राहिलेल्या खाचरात या जिवाणूचा जोर पुष्कळ कमी होतो. नारळाच्या भुश्यात, म्हणजे कोकोपीटमध्ये वाढवलेल्या ट्रेमधील रोपांना हा धोका सर्वांत कमी असतो.

आपल्या परड्यातील त्या जागेविषयी मात्र थोडे कठोर बोलावे लागेल. निदान दोन-तीन वर्षे तेथे टोमॅटो, वांगी आणि बटाटा लावू नका. मिरची वाचली असली तरी ती याच कुळातील आहे, तेव्हा तिलाही दुसरी जागा द्या. त्या वाफ्यात मका, नाचणी, कोबी, मुळा, मेथी असे काही घ्या. पडलेली झाडे मुळांसकट काढून जाळली नसतील तर उरलेली मुळे आता तरी खणून काढा आणि ती खताच्या खड्ड्यात टाकू नका. पाणी वाहून जाण्यासाठी वाफे वीतभर उंच करा. माती तपासून ती आम्लधर्मी निघाली, तर अहवालात सांगितलेल्या प्रमाणात चुना मिसळा. अंदाजाने चुना टाकू नका. त्याच जागी टोमॅटो हवाच असेल तर मोठ्या पिशव्यांत दुसरी माती भरून त्या विटांवर ठेवा, म्हणजे खालच्या मातीशी मुळांचा संबंध येणार नाही आणि वरच्या वाफ्यातील पाणीही पिशवीत शिरणार नाही.

प्रतिकारक वाणांचाही विचार करावा. बंगळूरजवळ हेसरघट्टा येथे भारतीय बागायती संशोधन संस्था आहे. तिने काढलेला ‘अर्का रक्षक’ हा संकरित टोमॅटो पर्णगुच्छ (पाने आखडवणारा) विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकारक आहे. वांग्यात ‘अर्का निधी’ आणि ‘अर्का केशव’ ही मर रोगाला तोंड देणारी सरळ (म्हणजे संकरित नसलेली) वाणे आहेत. विक्रीत कोणी या वाणांची रोपे आणली असतील तर आपल्यासारख्यांनी ती आधी घ्यावीत. रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली टोमॅटोची रोपेही आता काही रोपवाटिका तयार करतात. ती महाग पडतात, पण रोगट जमिनीत चार-पाच झाडांपुरता तो खर्च वाया जात नाही.

---

रोपवाटिका_कडोली_रस्ता

वरच्या काकांनी मर रोगाचे सविस्तर सांगितले आहे, म्हणून मी रोप कसे निवडावे याबद्दलच लिहिते. गेली काही वर्षे मी ट्रेमध्ये रोपे तयार करून शेतकऱ्यांना देते, आणि अशा विक्रीच्या वेळी लोक काय उचलतात ते पाहून मला फार हळहळ वाटते. सर्वांत उंच रोप आधी संपते. ज्याला फूल आले आहे ते त्याच्याही आधी संपते. खरे तर हीच दोन रोपे मागे ठेवायला हवीत.

रोपाची किंमत त्याच्या वयावर आणि मुळावर ठरवावी. टोमॅटोचे रोप पेरणीपासून २५ ते ३० दिवसांचे असावे, वांग्याचे ३० ते ३५, मिरचीचे ३५ ते ४५, कोबी आणि फ्लॉवरचे २५ ते ३० दिवसांचे असावे. कांद्याचा तरू ४५ ते ५० दिवसांचा चालतो. म्हणून ‘बी कधी टाकले’ हे विचारल्याशिवाय पैसे काढू नका. ट्रेच्या लहानशा खणात दोन महिने राहिलेल्या मिरचीला फूल येते ते ताकदीमुळे येत नाही. तिला मुळे पसरायला जागा उरलेली नसते आणि ती आपले आयुष्य आटोपते घेऊ लागलेली असते. असे रोप जमिनीत लावल्यावर आठ-पंधरा दिवस जागचे हलत नाही, तेवढ्यात शेजारचे लहान रोप त्याच्या पुढे जाते.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. बेळगावच्या बाजारातून गोव्याला रोज भाजी जाते, त्यामुळे आमच्या भागातील रोपवाटिका मुख्यतः त्या बाजारासाठी संकरित रोपे करतात. शेतकऱ्याने पाऊस लांबला म्हणून किंवा भाव पडले म्हणून उचल केली नाही की ट्रे शिल्लक राहतात, आणि मग तेच ट्रे कमी भावात सामुदायिक विक्रीत येतात. शिल्लक ट्रे वाईटच असतो असे नाही, पण त्याचे वय नक्की विचारावे. शिवाय लांबच्या प्रवासासाठी निवडलेला टोमॅटो जाड सालीचा असतो. आमटीत आणि कोशिंबिरीत ज्यांना आंबट-रसाळ जवारी (गावरान) टोमॅटो हवा, त्यांनी घरच्या बियांची रोपे आणणाऱ्या भगिनींकडेच जावे.

रोप हातात घेतल्यावर मी ज्या क्रमाने पाहते, तो क्रम असा आहे. आधी पान उलटे करते. पांढरी माशी, मावा आणि कोळी ही अतिबारीक कीड पानाच्या खालच्या बाजूलाच बसतात. रोपाला हलकेच टिचकी मारल्यावर पांढरे ठिपके उडाले तर तो संपूर्ण ट्रे सोडून देते, कारण टोमॅटोचा पर्णगुच्छ रोग पांढऱ्या माशीमुळेच पसरतो आणि लहानपणी लागण झालेल्या झाडाला पुढे फळे धरत नाहीत. मिरचीची पाने होडीसारखी वर वळली असतील तर बहुधा फुलकिडे असतात आणि खाली वळली असतील तर कोळी असतो. आपल्याकडे दोन्हींना बोकड्याच म्हणतात, पण उपाय वेगळे असतात. वांग्याचा कोवळा शेंडा लोंबत असेल तर आत अळी आहे असे समजावे. त्यानंतर खोडाचा मातीलगतचा भाग पाहते. तेथे खोड चिमटल्यासारखे बारीक आणि काळपट झाले असेल तर ती रोपे कोलमडण्याच्या रोगाची सुरुवात असते, आणि अशी चार रोपे ज्या ट्रेमध्ये दिसतात त्यातील चांगली दिसणारीही मी घेत नाही.

शेवटी मूळ पाहते. विकणाऱ्याची परवानगी घेऊन खणाच्या तळाला खालून बोटाने दाब दिला की रोप मुळांच्या गड्ड्यासकट बाहेर येते. मुळे पांढरी असावीत, त्यांनी भुसा धरून ठेवावा आणि तरीही गड्डा बोटांना मऊ लागावा. तपकिरी, कुजकट वासाची मुळे जास्त पाण्याची खूण असतात. वेढे घालून घट्ट झालेली मुळे रोपाचे वय झाल्याचे सांगतात. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर ती सूत्रकृमी (मुळांत शिरणारी सूक्ष्म अळीसारखी कीड) आहे, आणि ती एकदा परड्यात आली की भेंडी, वांगी, टोमॅटो सगळ्यांना छळते. पिशवीतील रोपाचे मूळ पाहता येत नाही, म्हणून तेथे मातीविषयीच्या प्रश्नाला अधिक महत्त्व येते.

जूनमध्ये काय घ्यावे, याचे माझे उत्तर वांगी आणि मिरची असे आहे. आपल्या भागात जुलै-ऑगस्टमधील संततधार टोमॅटोला झेपत नाही. करपा येतो, फूल गळते आणि फळ तडकते. छपराखाली किंवा प्लॅस्टिकच्या आडोशाला दोन-चार झाडे करता येतील, पण उघड्या परड्यात टोमॅटो ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरमध्ये लावावा. कोबी आणि फ्लॉवरची रोपेही तेव्हाच घ्यावीत. भेंडी, गवार, घेवडा, मुळा, गाजर, मेथी, कोथिंबीर यांची रोपे कोणी विकत असेल तर ती घेण्यात अर्थ नाही. मुळा आणि गाजर उपटून लावले की त्यांचे मूळ फाटे फोडते. ही सगळी भाजी जागेवर बी टाकूनच करावी.

रोपे घरी आणल्यावर त्याच दिवशी लावण्याची घाई करू नका. शेडनेटखाली वाढलेल्या रोपाला तीन-चार दिवस सकाळचे ऊन आणि दुपारची सावली द्या, पाणी थोडे हात राखून घाला आणि ती जुन्या झाडांपासून दूर ठेवा, म्हणजे एखादी कीड बरोबर आली असल्यास तेवढ्यात लक्षात येईल. लावण संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी करावी. लावण्याआधी एक लिटर पाण्यात १० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) मिसळून त्यात मुळे दहा मिनिटे बुडवावीत. कोकोपीटचा गड्डा मातीने पूर्ण झाकला जाईल असा लावावा. तो थोडाही उघडा राहिला तर वाऱ्याने सुकतो आणि मुळांजवळचे पाणी ओढून घेतो. टोमॅटोचे रोप खालची दोन पाने काढून थोडे खोल लावले तरी चालते, कारण त्याच्या खोडाला मुळे फुटतात. वांगी आणि मिरची मात्र ट्रेमध्ये होती त्याच पातळीवर लावावी.

---

निपाणी_माळ

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत. आमच्या निपाणी भागाच्या दृष्टीने एक मुद्दा राहून गेला आहे, तो मांडतो. आमच्याकडे घरोघरी तंबाखूशी संबंध आहे. कोणी वखारीत काम करतात, कोणी विड्या वळतात, आणि तंबाखू मळून खाणारे तर सगळ्याच गावांत आहेत. तंबाखूवर येणारा मोझॅक विषाणू वाळलेल्या पानातही दीर्घकाळ जिवंत राहतो आणि तो टोमॅटो व मिरचीलाही लागतो. त्याला पसरण्यासाठी किडीची गरज नसते. तंबाखू मळलेल्या हाताने रोप उचलले, शेंडा खुडला किंवा पान उलटून पाहिले, तर तेवढ्या घर्षणाने पानाला होणारी सूक्ष्म जखम त्याला पुरते. पुढे पानांवर फिकट आणि गडद हिरव्या रंगाचे चट्टे दिसतात, पाने वाकडी-अरुंद होतात आणि झाड खुरटते. त्यावर औषध नाही, झाड उपटूनच टाकावे लागते.

सामुदायिक विक्रीत एकच रोप दहा जण हाताळतात, म्हणून हा धोका तेथे अधिक असतो. विक्री भरवणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे की टोमॅटो आणि मिरचीच्या टेबलाजवळ पाण्याची बादली आणि साबण ठेवावा, आणि रोपे दाखवण्याचे काम एकाच व्यक्तीकडे द्यावे. घरी लावण करताना साबणाने हात धुऊन मग साय काढलेल्या दुधात बोटे बुडवावीत. दुधामुळे या विषाणूचा प्रसार कमी होतो, हे प्रयोगांतून दिसलेले आहे आणि परसबागेतील पंधरा-वीस रोपांसाठी वाटीभर दूध पुरते.

ज्या भगिनी घरी वाफ्यावर रोपे करतात त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. तंबाखूचा तरू टाकण्यापूर्वी जुनी माणसे वाफा भाजून घेत, म्हणजे वर शेण, पाला आणि काडीकचरा पसरून जाळत. त्यामुळे वरच्या थरातील तणाचे बी आणि रोगकारक घटक बरेच कमी होत. आज धूर करण्याऐवजी एप्रिल-मे महिन्यांत वाफ्याला भरपूर पाणी देऊन त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ कागद चारही बाजूंनी मातीत दाबून चार ते सहा आठवडे ठेवला तर उन्हाच्या तापानेच ते काम होते. पुढच्या विक्रीसाठी रोपे करणाऱ्यांनी हे अवश्य करावे. काळा कागद वापरू नये, कारण त्याखाली माती तेवढी तापत नाही.

---

परडे_पिरनवाडी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. झाडे केव्हाच काढून टाकल्यामुळे पेल्यातील चाचणी आता करता येणार नाही, पण पिशवीतील मातीविषयीचा मुद्दा मनाला पटला. त्या वाफ्यात यंदा नाचणी आणि मुळा घेईन आणि मिरचीला अंगणाच्या दुसऱ्या बाजूला जागा करीन.

दोन गोष्टी आणखी विचारतो. माझ्याकडे आमच्या आत्याने हुक्केरीहून दिलेले संकेश्वरी मिरचीचे बी आहे आणि त्याची मी यंदा शंभरभर रोपे केली आहेत. त्यांतील जास्तीची रोपे या विक्रीत ठेवावीत असा विचार आहे. घरच्या बियांची रोपे अशी विकण्यास कायद्याची काही अडचण आहे का? दुसरे म्हणजे, विक्रीत दुधी आणि दोडक्याची घरच्या बियांची रोपे पुष्कळ असतात. ती घ्यावीत का?

---

घटप्रभा_गोकाक

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिलासा देणारे आहे. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ याच्या कलम ३९ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातील उत्पादन, आणि त्यात संरक्षित वाणाचे बियाणेसुद्धा आले, राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे. संरक्षित वाणाचे बियाणे त्या वाणाचे नाव छापलेल्या वेष्टनात घालून ब्रँडेड म्हणून विकणे तेवढे त्याला करता येत नाही. संकेश्वरी मिरची तर आपल्या हुक्केरी-गडहिंग्लज भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली जवारी मिरची आहे. ती आपण निःसंकोचपणे विक्रीत ठेवावी, नव्हे, ठेवाच. लांब, बारीक, झणझणीत आणि वाळवल्यावर तिखटाला उत्तम अशा या मिरचीचे शुद्ध बी आता मिळेनासे होत चालले आहे आणि ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी रोपांच्या रूपाने ते घराघरांत पोहोचवणे हीच ते टिकवण्याची सर्वांत चांगली वाट आहे.

एक काळजी मात्र घ्यावी. मिरचीत कीटकांमुळे परपरागीकरण बऱ्याच प्रमाणात होते. आपल्या आत्यांच्या परड्यात शेजारी ढोबळी किंवा दुसरी संकरित मिरची असेल तर बियांत थोडी भेसळ आलेली असू शकते. त्यामुळे विक्रीत ‘संकेश्वरी, घरचे बी, अमुक गावचे’ असे स्पष्ट लिहावे, बी टाकल्याची तारीख लिहावी, आणि फळ पाहूनच बी राखावे असे घेणाऱ्याला सांगावे. पाटी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिपींत असली तर पंचक्रोशीतील सर्वांची सोय होईल. पुढील वर्षीचे बी राखताना चांगल्या दोन-तीन झाडांच्या निवडक फांद्यांना फुले उमलण्यापूर्वीच मलमलच्या कापडाची पिशवी बांधावी. आत आपोआप फळ धरते, आणि फळ धरल्यावर पिशवी काढून त्या फळांना दोरा बांधून खूण करावी. टोमॅटोत स्वपरागीकरण जास्त असल्यामुळे एवढी दक्षता लागत नाही. संकरित वाणाचे बी मात्र राखू नये, कारण पुढच्या पिढीत झाडे सारखी येत नाहीत.

दुधी आणि दोडक्याबद्दल अधिक सावध राहावे असे माझे मत आहे. या वेलांवर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात आणि परागीकरण पूर्णपणे कीटकांवर अवलंबून असते, त्यामुळे शेजारच्या वेलाचा परिणाम बियांत हमखास उतरतो. दुधीत क्वचित कडू फळे निघतात आणि तो कडूपणा विषारी असतो. कडू दुधीचा रस पिऊन माणसे गंभीर आजारी पडल्याच्या आणि दगावल्याच्या घटना देशात घडलेल्या आहेत, आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनेही कडू दुधीचा रस पिऊ नये असा स्पष्ट इशारा दिलेला आहे. म्हणून घरच्या बियांच्या वेलाचा पहिला दुधी चिरल्यावर त्याचा लहानसा तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर थुंकून टाकावा, ते फळ शिजवूही नये आणि त्या वेलाचे बी कोणाला देऊ नये. ज्यांनी रोपे विकायला आणली आहेत त्यांना ‘मागच्या वर्षी या वेलाची फळे तुम्ही स्वतः खाल्ली होती का’ एवढे विचारावे. मनमोकळे उत्तर मिळाले की रोप घ्यावे. तेही फक्त दोन खऱ्या पानांचे, पिशवीतील, मातीचा गोळा न फोडता लावता येईल असे घ्यावे. तणावे (आधाराला विळखा घालणारे धागे) फुटलेला वेल पिशवीतून काढून लावला तर त्याची मुळे दुखावतात आणि तो मागे पडतो. बी मिळत असेल तर दुधी, दोडका, काकडी जागेवरच टोकणे अधिक बरे.

आमच्या गोकाक, रायबाग, अथणीकडील वाचकांसाठी एक दुरुस्ती सुचवितो. वर कडोलीच्या ताईंनी टोमॅटो सप्टेंबरमध्ये लावण्यास सांगितले, ते बेळगाव-खानापूरच्या पावसाला अगदी योग्य आहे. आमच्याकडे पाऊस त्या मानाने पुष्कळ कमी आणि माती काळी आहे, त्यामुळे पाण्याची सोय असल्यास जून-जुलैची टोमॅटोची लावणही साधते. फक्त काळ्या मातीत पाणी साचू नये म्हणून सरी-वरंब्यावर, वरंब्याच्या बगलेला रोपे लावावीत. बेळगावहून येथे पाहुण्यांकडे रोपे नेणाऱ्यांनी आणि येथून तिकडे नेणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा. रोगाबद्दल शंका असल्यास झाड मुळासकट उपटून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कृषी विज्ञान केंद्रात दाखवावे. आपल्या जिल्ह्यात गोकाक भागात तुक्कानट्टी येथे आणि बैलहोंगल तालुक्यात मत्तीकोप येथे अशी केंद्रे आहेत, आणि अरभावी येथे उद्यानविद्या महाविद्यालय आहे.

---

रोपवाटिका_कडोली_रस्ता

गोकाकच्या दादांनी केलेली दुरुस्ती योग्य आहे. मी माझ्याच भागापुरते लिहिले होते.

संकेश्वरीच्या रोपांसाठी एक सूचना करते. विक्रीच्या आधी सहा-सात दिवस पाणी कमी करून रोपे उघड्यावर आणा, म्हणजे ती काटक होतील. विक्रीच्या दिवशी सकाळी मात्र भरपूर पाणी द्या, कारण दिवसभर टेबलावर आणि नंतर दुचाकीच्या हँडलला लटकून जाताना मिरचीचे रोप लवकर सुकते. घेणाऱ्यांनाही सांगा की रोपे वाऱ्याला उघडी न नेता ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, उभी ठेवून न्यावीत. शंभर रोपांतील तीस-चाळीस आपल्यासाठी आणि शेजाऱ्यांसाठी मागे ठेवा, कारण लावणीनंतर पाऊस अंगावर आला की काही रोपे जातातच आणि नांगी भरायला, म्हणजे गेलेल्या रोपांच्या जागी लावायला, त्याच वयाची रोपे हाताशी लागतात.

विक्री कोणत्या रविवारी आहे ते येथे कळवावे. माझ्याकडील अर्का निधी वांग्याचे दोन ट्रे त्या सुमारास ३० दिवसांचे होतील, ते मी घेऊन येईन.